चिरागनं लिहिलेलं अर्धं पान

तरे सरांना शाळेत कुणी वाईट म्हणत नसे, पण हट्टी मात्र सगळेच म्हणत. आणि खोटं कशाला बोला, होतेच ते हट्टी! गोखिवऱ्याहून रोज स्कूटरवर वसई पश्चिमेला यायचे, पुलावर कितीही कोंडी असो, सातला पाच कमी असताना शाळेच्या फाटकात हजर. इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. बाप खाडीकाठी भात पिकवणारा, घरात शाळा पुरी केलेले हे पहिलेच. त्यामुळे खडू हातात धरायला मिळणं ही त्यांना फार मोठी गोष्ट वाटे. बाकीचे शिक्षक शाळा सुटली की शिकवण्या घेत, नाहीतर फ्लॅटच्या जाहिराती चाळत बसत. सरांचं आपलं एकच खूळ होतं, विद्यार्थी मंडळ.

आता विद्यार्थी मंडळ कुठल्या शाळेत नसतं? पहिला नंबर आलेल्या मुलाच्या छातीवर बिल्ला लावायचा, पाहुण्यांबरोबर फोटो काढायचा, झालं मंडळ! पण सुधाकर तऱ्यांना असलं काही चालत नसे. यांच्याकडे खरीखुरी निवडणूक व्हायची. अर्ज, छाननी, प्रचार, पत्र्याच्या डब्याला फट पाडून केलेली मतपेटी, सगळं साग्रसंगीत. आणि वर एक नियम, जो साऱ्या तालुक्यात दुसऱ्या कुठल्या शाळेत नव्हता.

त्या नियमाची गोष्ट बावीस वर्षं जुनी. तेव्हा मैदानावर क्रिकेटवरून दोन टोळक्यांत जुंपली आणि बघता बघता प्रकरण एकमेकांच्या देवांवर गेलं. एका पोराच्या डोक्याला सात टाके पडले. सर तेव्हा तरुण होते. त्यांनी रक्त पुसलं आणि दुसऱ्या दिवशी नियम काढला. मंडळाच्या प्रत्येक उमेदवाराला एक सूचक पाहिजे, आणि तो सूचक दुसऱ्या धर्माचा पाहिजे. नुसती सही करून सुटका नाही. सूचकानं उमेदवाराच्या घरी जायचं, तासभर बसायचं, देतील ते खायचं आणि परत येऊन त्या घराविषयी अर्धं पान लिहायचं. ते पान नाव-वर्गासकट फाटकाजवळच्या बोर्डावर आठ दिवस लागायचं. "सूचक म्हणजे खात्री देणारा," सर वर्गात सांगत. "या माणसाच्या घरी मी जेवलोय, याची खात्री माझी. आणि खात्री नावानिशी द्यायची असते."

पोरं आधी कुरकुरली, मग त्यांना मजा यायला लागली. एकानं लिहिलं होतं, 'यांच्याकडेपण आमच्यासारखंच बोंबलाचं कालवण करतात, फक्त आंबट जास्त. शेवटी दोनदा घेतलं.' अशी शेकडो पानं सरांच्या लोखंडी कपाटात फायलींत लावलेली होती. बायको, यमुना, चिडवायची, "तुमच्या मयतावर फुलां नको, ही पानंच टाकू." सर हसायचे. बावीस वर्षांत शाळेत परत कुणाचं डोकं फुटलं नव्हतं, त्याचा गर्व होता त्यांना. गर्वच म्हणायचा, दुसरं काय?

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र हवा बदलली. डबा खायला पोरं आपापल्यात बसायला लागली. शाळेत फोनला बंदी, पण घरी रात्रंदिवस तेच. वहीच्या शेवटच्या पानावर घोषणा लिहिलेल्या सापडायला लागल्या, आणि त्या काही एकाच धर्माच्या पोरांच्या वह्यांत नव्हत्या. मग संस्थेकडून पत्र आलं की हायस्कुलातल्या मुलांमध्ये धार्मिक कट्टरता वाढू नये म्हणून विद्यार्थी मंडळांना कामाला लावा. मुख्याध्यापिका संजना मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचं तर आधीपासून चालूच आहे. तेवढा अहवाल लिहून द्या." सरांना कोण आनंद! त्या संध्याकाळी घरी जाताना दोनदा स्कूटर थांबवून त्यांनी अहवालातली वाक्यं खिशातल्या कागदावर टिपली.

त्या अहवालापेक्षा त्यांच्या मनात एक पोरगा घोळत होता. चिराग पेडणेकर, नववी ब. कोकणातलं कुटुंब, वडील जितेंद्र मुंबईत नोकरीला, सकाळी सहाला घर सोडणारे. आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आठवीत हाच चिराग तासाला इतके प्रश्न विचारायचा की सरांना उत्तर शोधायला घरी पुस्तकं काढावी लागायची. "सर, राज्यघटना जर माझी, तर ती बदलताना मला विचारतील का?" असलं काहीतरी. नववीत तो गप्प झाला. आणि एके दिवशी वर्गात स्टेफीला तो म्हणाला, "तुम्ही लोक आमच्यात नका बोलू."

स्टेफी तुस्कानो भुईगावची, ख्रिस्ती. केळीची छोटी वाडी, आई अँजेलिना बाजारात भाजी आणि फुलं विकायला बसते. दोघं पाचवीपासून एका वर्गात. 'तुम्ही लोक' हे दोन शब्द ऐकले आणि सरांनी हातातला खडू खाली ठेवला.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. प्रितेश नावाचा चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण, सगळे त्याला दादा म्हणत. रविवारी मैदानावर पोरं गोळा करायचा. आधी व्यायाम, मग नाश्ता, मग भाषण. कोण आपला, कोण परका, कुणी आपल्याला कसं फसवलं, आता आपण काय करायचं. सर एकदा जाऊन लांबून ऐकून आले आणि घरी येऊन जेवले नाहीत. पण एक गोष्ट त्यांना टोचत राहिली. चिरागच्या आईला रक्त लागलं तेव्हा प्रितेशची दोन पोरं हॉस्पिटलात धावत गेली होती. आणि सरांनी काय केलं होतं? व्हरांड्यात विचारलं होतं, "आई बरी आहे ना रे?"

स्टेफी त्या वर्षी विद्यार्थी प्रमुखपदाला उभी राहिली. सरांनी ठरवलं, हिचा सूचक चिराग.

"सर, तो माझ्याकडे बघतपण नाही," स्टेफी म्हणाली.

"म्हणूनच गं."

चिराग दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा सरांनी वर्गासमोर विचारलं, "काय पेडणेकर, घाबरलास?" पंधरा वर्षांच्या पोराला असं विचारल्यावर तो काय करणार? कान लाल करून म्हणाला, "घाबरतो कशाला? जातो." हा डाव सरांना तेव्हा फार हुशारीचा वाटला. पुढं कित्येक दिवस तेच एक वाक्य आठवून ते स्वतःला शिव्या घालत राहिले.

चिराग गेला. दोन दिवसांनी त्यानं घडी घातलेला कागद सरांच्या हातात कोंबला आणि पळाला. सरांनी शिक्षक खोलीत तो उघडला.

'स्टेफीच्या घरी गेलो. तिच्या आईने घरी वाळवलेली सुकेळी दिली, मी चार खाल्ली. वाडीत त्यांनी मला केळफूल कसे काढतात ते दाखवले. सात वाजता ते सगळे भिंतीवरच्या येशूच्या आल्तारापुढे प्रार्थनेला बसले. मीपण गुडघ्यावर बसलो. मला कोणी सांगितले नव्हते, पण एकट्याने उभे राहणे बरे दिसेना. तिच्या पपांनी आजारी माणसांची नावे घेतली, त्यात माझ्या आईचे नाव घेतले. त्यांना नाव माहीत होते, कारण स्टेफीने सांगितले होते. आमच्या घरी आईच्या आजाराबद्दल कोणी बोलत नाही. मला रडू आले. स्टेफीने बघितले पण वर्गात कोणाला सांगितले नाही. म्हणून ती प्रमुख व्हावी.'

खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. 'सर, हे फक्त तुमच्यासाठी. बोर्डावर लावू नका, मी दुसरे लिहून देतो.'

आणि दुसरं त्यानं दिलंही. चार ओळी, अगदी कोरड्या. 'घर स्वच्छ आहे. माणसे चांगली आहेत.' असलं.

सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बावीस वर्षांत असं पान आलं नव्हतं. शेकडो पानं वाचली, पण हे वाचून चष्मा काढून पुसावा लागला. अरे, हेच तर आपण करत आलो! हे पान वाचलं की एका पोराचं काय, साऱ्या शाळेचं डोकं ताळ्यावर येईल! पोरगं लाजतंय, एवढंच. उद्या त्यालाच अभिमान वाटेल. त्यांनी खालची बारीक ओळ मागे दुमडली, नीट नख फिरवून घडी बसवली, आणि शिपाई धर्माला हाक मारली. धर्मानं चार टाचण्या लावून पान बोर्डावर ठोकलं.

गुरुवारी पान लागलं. मधल्या सुट्टीत बोर्डापुढे गर्दी होती. चिराग एकदा सरांच्या समोर आला, तोंड उघडलं, पण काही न बोलता वळून गेला. सरांना वाटलं, लाजला.

शुक्रवारी संध्याकाळी फोनवर फोटो फिरायला लागला. पूर्ण पान नव्हतंच त्यात, कापून ठेवलेल्या तीनच ओळी. आल्तार, गुडघे, प्रार्थना. 'मला कोणी सांगितले नव्हते' ही ओळ बरोब्बर उडवलेली. वर लिहिलं होतं, शाळेत आपल्या मुलांना दुसऱ्यांच्या घरी पाठवून धर्म बदलायला लावतात, जागे व्हा. शनिवारी सकाळी फाटकावर साठ-सत्तर माणसं उभी होती. त्यांतल्या निम्म्यांचं एकही पोर त्या शाळेत नव्हतं.

धर्मानं गर्दी जमायच्या आत पान काढून सरांच्या हाती दिलं होतं. ते खिशात घेऊन सर ऑफिसात गेले. संजना मॅडम बसल्या होत्या, संस्थेचे एक सभासद होते, चिरागचे वडील जितेंद्र होते, एका रात्रीत म्हातारे झाल्यासारखे. आणि चिराग. त्याच्या मागे प्रितेश, त्याचा हात चिरागच्या खांद्यावर.

मॅडमनी विचारलं, "चिराग, बाळा, काय झालं ते सांग."

चिरागनं मान वर केली नाही. "सरांनी वर्गात बोलून जायला लावलं. तिथं मला गुडघ्यावर बसवलं. आणि... आणि पान सरांनी सांगितलं तसं लिहिलं."

सगळे सरांकडे बघायला लागले.

खिशातलं पान काढून दुमडलेली ओळ सरळ करायची, बस्स. तेवढ्यानं ते पान पोरानं आपणहून लिहिलं होतं हे सिद्ध झालं असतं. पण मग प्रितेशच्या त्या हाताचं काय झालं असतं? ज्याच्या पोरांनी आईला रक्त दिलं, त्याच्यासमोर चिराग खोटा पडला असता. परक्यांच्या आल्तारापुढे रडलेला फितूर म्हणून त्याला जगू दिलं नसतं त्यांनी. सरांनी जितेंद्रकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. मनात म्हणाले, मी याला उघड्यावर आणलं, झाकायचंही मीच. आणि पोरगा हुशार आहे, त्याला कळेल. सरांनी आपल्यासाठी काय केलं हे कळलं की तो परत येईल.

"हो," ते म्हणाले. "मीच लिहून घेतलं. चूक झाली."

चिराग म्हणाला ते सगळं कबूल असल्याच्या माफीनाम्यावर त्यांनी तिथंच सही केली. विद्यार्थी मंडळ बरखास्त झालं. बाहेर घोषणा झाल्या. हे सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. आणि त्या पाच मिनिटांत, देवाशपथ, स्टेफी त्यांच्या डोक्यात आलीच नाही.

दुपारी घरी येऊन त्यांनी ते पान गॅसवर धरलं.

यमुना मागून आली. "कनचा कागद हाय तो? पानी ठेवलंय तापायला, तिथंच कशाला जालता?"

"नको असलेला," सर म्हणाले. हा कागद कुणाच्या हाती लागला तर पोराचं खोटं उघडं पडेल, म्हणून जाळतोय, असं त्यांनी मनाला सांगितलं. पण खालची ओळ जळेपर्यंत त्यांनी बोट बाजूला घेतलं नाही, आणि त्या ओळीनं चिरागचं खोटं उघडं पडत होतं तसंच त्यांचं स्वतःचंही. कुणासाठी जाळलं, हे पुढं त्यांनाच सांगता येईना.

सोमवारपासून जे व्हायचं ते व्हायला लागलं. भुईगावात स्टेफीच्या कुंपणावर कुणीतरी काळ्या रंगानं घाण लिहिलं. अँजेलिनाच्या टोपलीपुढे दोन पोरं उभी राहून येणाऱ्या बायकांना सांगायची, हिच्याकडून घेऊ नका. स्टेफीच्या वडिलांविरुद्ध तक्रार झाली, पोलिसांनी जबाबाला दोनदा बोलावलं. "तुम्ही नाही म्हणता," त्यांना तिथं ऐकवलं, "पण शाळेच्या मास्तरांनीच लेखी कबूल केलंय की." सरांच्या सहीचा कागद! तो माफीनामा त्या गरीब माणसाविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा झाला होता.

आणि चिराग? चिरागला कळेल, चिराग परत येईल. सर वाट बघत राहिले. महिना गेला. एके दिवशी शाळा सुटल्यावर कोपऱ्यावरच्या झाडाखाली आठवीच्या सात-आठ पोरांचं कोंडाळं दिसलं, मधे चिराग. सरांनी स्कूटर हळू केली.

"माझी मान धरून खाली दाबली होती," चिराग सांगत होता. "मी ओरडत होतो. त्यांनी माझ्या आईचं नाव घेऊन काहीतरी केलं, तेव्हापासून तिची तब्येत जास्तच बिघडली."

सरांनी ब्रेक दाबला. चिरागनं त्यांना पाहिलं. पोरगा दचकेल, वाक्य अर्धं सोडेल, निदान नजर तरी खाली घालेल, असं सरांना वाटलं. काही नाही. त्याच्या डोळ्यांत खोटं बोलणाऱ्याची चलबिचल नव्हती. तो आता खरंच तसं मानत होता. "हे बघा, हे सरपण कबूल झालेत," तो पोरांना म्हणाला. "विचारा त्यांना."

सगळी पोरं सरांकडे बघायला लागली. गाडी सुरू करून ते तिथून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमसमोर उभे राहिले. "मी त्या दिवशी खोटं बोललो. पोरानं स्वतःहून लिहिलं होतं."

"कागद आहे का सर?"

"नाही."

मॅडमनी डोळे मिटले. "मग आता कशाला? निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय तुमच्या. जाऊ द्या." सर पोलीस ठाण्यातही गेले. तिथल्या हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि सौम्यपणेच विचारलं, "मास्तर, आधी हो म्हणालात, आता नाही म्हणताय. आम्ही कुठलं खरं धरायचं?" बावीस वर्षं नावानिशी खात्री द्यायला शिकवणारा माणूस स्कूटरची किल्ली घेऊन बाहेर आला.

पुढच्या आठवड्यात स्टेफी आणि तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. वर्गशिक्षक म्हणून सरांचीच सही लागत होती. सरांनी कागद पुढं ओढला, पण पेन चालेना. स्टेफीचे वडील हात बांधून उभे होते. बोलली ती स्टेफी.

"सर, चिरागचं ते पान तुमच्याकडेच असेल ना? तुम्ही तर सगळी पानं कपाटात ठेवता. मी बोर्डावर वाचलं होतं. त्यात त्यानं लिहिलं होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून. पपांना ते पोलीस ठाण्यातल्या साहेबांना दाखवायचंय."

तिला वाटलं होतं, सर उठतील, किल्ली काढतील. इतक्या विश्वासानं ती कपाटाकडे बघत होती.

"ते पान राहिलं नाही गं," सर म्हणाले.

"हरवलं?"

हो म्हणता आलं असतं. एक खोटं बोलून झालंच होतं, दुसऱ्यानं काय बिघडलं असतं? पण सरांना ते जमेना.

"जाळलं मी."

सरांनी सही केली. वडिलांनी दाखला घेतला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. "चल बाय," लेकीला म्हणाले. स्टेफी निघाली, दारापर्यंत गेली आणि थांबली. रडत नव्हती ती. नागरिकशास्त्राच्या तासाला एखादी गोष्ट समजली नाही की विचारायची, तसंच तिनं विचारलं.

"सर, सूचक म्हणजे खात्री देणारा, असं तुम्हीच शिकवलंत ना? माझी खात्री तुम्ही जाळलीत. मग आता आमची खात्री कोण देणार?"

बाहेर घंटा झाली. पुढचा तास नववी ब वर्गाचा होता, नागरिकशास्त्राचा. सर खुर्चीतून उठलेच नाहीत.